पंपिंग 30 चं 30च राहिलं, मग बाबांनी चालून उपयोग काय झाला?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा 66 वर्षांचे, काळाचौकीला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, दीड वर्षापूर्वी अटॅक आला, तेव्हापासून पंपिंग (म्हणजे हार्टमध्ये भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर ढकललं जातं ते प्रमाण) 30 टक्के. औषधं व्यवस्थित चालू आहेत, पायाची सूज उतरलीय, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण दुसऱ्या जिन्यावरच पाय भरून येतात आणि धाप लागते. आई म्हणते हार्ट कमजोर आहे, त्याच्यावर लोड कशाला टाकता. आणि दोन महिने चालून परवा एको (हार्टची सोनोग्राफी) केला तर आकडा तोच, 30. मग ह्या चालण्याने नेमकं होतं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, 22 वर्षं मुंबईत हार्टच्याच पेशंटसोबत काम करतोय, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी माझ्यासमोर येतो. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारणं मग सांगतो. चालण्याचं औषध बाबांच्या हार्टमध्ये कमी आणि त्यांच्या मांडी-पोटरीत जास्त काम करतं, म्हणून त्याचा रिझल्ट एकोत शोधायचा नाही, जिन्यावर शोधायचा.

आपल्याकडे घरोघरी पंपिंगचा तो एक आकडा पाठ असतो, पण त्या आकड्यावरून माणूस किती चालू शकेल हे कळत नाही. माझ्याकडे एकाच सकाळी 25 टक्केवाले दोघं येतात, एक जण शिवाजी पार्कला आरामात फेरी मारून आलेला असतो आणि दुसऱ्याला पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना मध्ये भिंत धरावी लागते. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे डॉक्टरांच्या लक्षात आलेलं आहे, बसल्या जागी मोजलेलं पंपिंग आणि व्यायामाची ताकद ह्यांचा मेळ बसत नाही. त्याच काळात हार्टचा जोर वाढवणारी औषधं शिरेतून देऊन पाहिली, रक्ताचा प्रवाह तेवढ्यापुरता वाढला, पण माणसाची दमायची वेळ काही पुढे गेली नाही. अहो, ट्रान्सप्लांट करून नवीन हार्ट बसवलेल्या माणसाची ताकदसुद्धा लगेच नॉर्मल होत नाही, कारण हार्ट नवीन असलं तरी पाय तेच जुने असतात.

ह्यातला सगळ्यात पटणारा पुरावा मला हाताचा वाटतो. एमआरआयसारख्याच मशीनमध्ये स्नायूतला फॉस्फरस मोजता येतो, म्हणजे स्नायू काम करत असताना त्याचा शक्तीचा साठा किती भराभर संपतोय आणि त्यात आम्ल किती साठतंय ते प्रत्यक्ष दिसतं. 1980 च्या दशकात हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे बाबांसारखं हार्ट कमजोर झालेल्या, पेशंटना नुसता हाताचा पंजा, मनगट हलवायला लावून हे मोजलं. आता हाताचा पुढचा भाग म्हणजे केवढासा स्नायू, त्याला लागणारं रक्त कमजोर हार्टसुद्धा सहज पुरवतं, तरीसुद्धा त्यांच्या स्नायूत साठा लवकर संपत होता आणि आम्ल लवकर चढत होतं, आणि रक्तप्रवाह निरोगी माणसाइतकाच असला तरी हे होत होतं. म्हणजे बिघाड स्नायूच्या आतही आहे, फक्त पुरवठ्यात नाही.

आपल्या चाळीच्या भाषेत सांगायचं तर पाणी कमी दाबाने येतंय हे खरं, पण आपल्या मजल्यावरचे पाइपही गंजून बारीक झालेत आणि घरातली पिंपंही गळतायत. नुसता खालचा पंप बघून काय होणार.

आता ते पाइप आणि पिंपं म्हणजे काय ते बघू. पायाच्या स्नायूत ढोबळमानाने दोन जातीचे तंतू असतात. एक हळू चालणारे, लालसर, न दमता तासन्‌तास काम करणारे, त्यांना टाइप वन म्हणतात, चालणं, उभं राहणं ही ह्यांची कामं. दुसरे टाइप टू, झटक्यात जोर लावणारे पण लवकर थकणारे. हार्ट फेल्युअरमध्ये पहिल्या जातीचं प्रमाण कमी होतं आणि दुसऱ्यातले सगळ्यात लवकर थकणारे वाढतात. तंतूंच्या आत मायटोकॉन्ड्रिया असतात, ऑक्सिजन वापरून शक्ती तयार करणारे कारखाने म्हणा, ते संख्येने आणि आकारमानाने कमी होतात, त्यांच्यातली एन्झाइम मंदावतात. तंतूंभोवतीच्या केशवाहिन्या कमी होतात असंही बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आणि स्नायू सरळ झिजतो. तुम्ही बाबांची मांडी बघा, अटॅकच्या आधीची पँट आता मांडीवर ढगळ होत असेल, पोट मात्र तेवढंच असेल, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

हे होतं कशामुळे? काही भाग नुसत्या बसून राहण्याचा आहे. पण तेवढंच नाही. कमजोर हार्टला सांभाळायला शरीर ॲड्रिनलिनच्या जातीची रसायनं सतत सोडत राहतं, त्याने पायाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात, अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळणारं रसायन वाढतं, बारीक धग असल्यासारखी सूज स्नायूच्या आत चालू राहते आणि ती स्नायूतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा जागी करते. त्यात दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसतो म्हणून स्नायू अजून झिजतो, झिजला की अजून कमी कामात दम लागतो. हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलंय की पेशंट खुर्चीतून उठताना दोन्ही हातांनी रेटा देतो का एवढं बघितलं तरी मला अंदाज येतो.

आईंची भीती चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, कारण 1970 च्या दशकापर्यंत आणि त्यानंतरही काही काळ डॉक्टरच सांगायचे, हार्ट फेल आहे तर पडून रहा. आजही कधी कधी डिस्चार्ज कार्डावर नुसतं रेस्ट असं लिहिलेलं दिसतं, किती दिवस, मग पुढे काय, काही नाही, आणि घरचे ते वर्षभर पाळतात. एका नर्सिंग होममधून असंच कार्ड घेऊन आलेल्या एक मावशी सहा महिने पलंगावरून फक्त संडासपुरत्या उठत होत्या, सुनेने इतकी मनापासून सेवा केली की त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू दिला नाही. हार्टची औषधं उत्तम चालू होती. पाय मात्र काडीसारखे. त्यांना पुन्हा उभं करायला आम्हाला जेवढे महिने लागले तेवढे टाळता आले असते, हे मला अजून सलतं.

आता दम का लागतो हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. आपल्याला वाटतं दम म्हणजे फुप्फुसं किंवा हार्ट. पण काम करणाऱ्या स्नायूत बारीक नसा असतात, आम्ल आणि इतर कचरा साठला की त्या मेंदूला खबर देतात, आणि मेंदू श्वास वाढवतो, ठोके वाढवतो, बाकीच्या रक्तवाहिन्या आवळतो. हे सगळ्यांमध्येच होतं. हार्ट फेल्युअरमध्ये स्नायू लवकर आम्लात जातो म्हणून ही घंटा फार लवकर आणि फार जोरात वाजते. म्हणजे दुसऱ्या जिन्यावर बाबांना जी धाप लागते तिचा बराचसा भाग मांडीतून आलेला असतो! 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या सगळ्याची एक साखळी मांडली, तिला स्नायू-सिद्धान्त म्हणता येईल, हार्टपासून सुरू झालेला आजार स्नायूत जातो आणि स्नायू तो परत हार्टवर ढकलतो, कारण त्या घंटेने आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्धच हार्टला रक्त ढकलावं लागतं. त्यांच्याच गटाने 1990 मध्ये मोजक्या पेशंटना आठ आठवडे घरच्या घरी सायकल चालवायला लावून दाखवलं होतं की हे सुरक्षितपणे करता येतं आणि ताकद वाढते.

तर एरोबिक व्यायाम, म्हणजे चालणं, स्थिर सायकल, असं मोठे स्नायू लयीत बराच वेळ हलवणारं काम, ह्या साखळीत घुसतं ते स्नायूच्या कडीपाशी. जर्मनीत लायपझिगला राइनर हाम्ब्रेख्ट यांच्या टीमने 1995 मध्ये सहा महिन्यांच्या व्यायामाआधी आणि नंतर मांडीचा बारीक तुकडा काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, मायटोकॉन्ड्रियाचं प्रमाण साधारण 19 टक्के वाढलं होतं, आणि शरीराची जास्तीत जास्त ऑक्सिजन वापरायची क्षमता 31 टक्के. पुढे तिथल्याच कामात दिसलं की व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूतली ती धग, टीएनएफ वगैरे सूज वाढवणारी रसायनं, कमी होते. गंमत अशी की रक्तात मोजलं तर फारसा फरक नव्हता, स्नायूच्या आत होता. प्रथिनं तोडायची खूण करणारं मर्फ-वन नावाचं एक रसायन आहे, तेही चार आठवड्यांच्या व्यायामाने खाली आलं, आणि वयस्कर पेशंटमध्येही आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आता ह्या वयात काय होणार हे वाक्य मी रोज ऐकतो. ब्राझीलमध्ये तर स्नायूकडे जाणाऱ्या नसेत बारीक सुई घालून मोजलं, चार महिन्यांच्या व्यायामानंतर त्या नसांतला ॲड्रिनलिनवाला गोंगाट जवळपास निरोगी माणसाइतका शांत झाला होता. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरही सुधारतं, त्या उघडायला लागतात, म्हणजे हार्टसमोरचा अडथळा कमी होतो. म्हणून आईंना सांगा, लोड पडतो तो चालण्याच्या अर्ध्या तासापुरता, आणि उरलेले साडेतेवीस तास हार्टचं काम हलकं होतं.

पंपिंग वाढतं का? काही पेशंटमध्ये महिनोन्‌महिने नियमित केल्यावर थोडंसं वाढतं, बऱ्याच जणांत वाढत नाही. पण नीट केलेल्या एरोबिक व्यायामाने ते खालीही जात नाही, आणि ज्यांचं पंपिंग आकड्याने नॉर्मल असूनही हार्ट फेल्युअर असतं (वय झालेल्या, बीपीवाल्या, वजनदार बायकांमध्ये हे जास्त दिसतं) त्यांच्यातसुद्धा व्यायामाने होणारी सुधारणा बरीचशी स्नायू रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला शिकल्यामुळे असते.

एक उदाहरण देतो. लालबागचे एक काका, नाव सांगत नाही, पूर्वी गिरणीत मागावर उभे राहून काम केलेले, म्हणजे पाय एकेकाळी लोखंडासारखे. आले तेव्हा पंपिंग 25. मी पहिल्या दिवशी गुडघ्याच्या वाटीपासून 15 सेंटीमीटर वर टेपने मांडी मोजतो, त्यांची 39 भरली. सहा मिनिटांत 235 मीटर चालले, मध्ये दोनदा थांबून. सुरुवात केली ती पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, असं तीनदा. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, बाकी काही नाही हो, पण चपला घालताना आता भिंत धरावी लागत नाही. बारा आठवड्यांनी सहा मिनिटांत 310 मीटर, न थांबता, मांडी 40 च्या वर. एको, पुन्हा 25! मुलगा रिपोर्ट बघून नाराज झाला. काका त्याला म्हणाले, अरे गणपतीत मी चार वर्षांनी खाली उतरून आरतीला उभा राहिलो ते तुझ्या रिपोर्टात लिहिलंय का? मी तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतो की आपला रिपोर्ट आपण घरी ठेवायचा, किती पायऱ्यांनंतर थांबलो, किती वेळ थांबलो, कॅलेंडरवर लिहा.

मोठ्या प्रमाणावर तपासलंय का, तर हो. 2009 मध्ये 2331 पेशंटचा अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधला अभ्यास आला, हार्ट फेल्युअर ॲक्शन नावाचा, सगळ्यांचं पंपिंग 35 किंवा त्याच्या खाली. प्रामाणिकपणे सांगायचं तर मृत्यू किंवा ॲडमिशन ह्यात सरळ तुलनेत ठळक फरक आला नाही, पेशंटच्या आजाराचा जोर हिशेबात धरल्यावर साधारण 11 टक्के कमी दिसले. पण व्यायाम सुरक्षित आहे हे पक्कं झालं, रोजचं जगणं सुधारलं, आणि त्यातल्या बऱ्याच लोकांनी सांगितला तेवढा व्यायाम केलाच नव्हता हेही लक्षात ठेवा. खूप जोरात, खूप हळू असा अदलाबदलीचा व्यायाम जास्त चांगला का, हेही 2017 मध्ये तपासलं, नेहमीच्या मध्यम गतीच्या व्यायामापेक्षा तो काही सरस ठरला नाही. म्हणून मी घरी करणाऱ्यांना मध्यमच सांगतो.

आता बाबांनी करायचं कसं. बीटा ब्लॉकर चालू असणार, त्यामुळे नाडीचे ठोके मोजून वेग ठरवू नका, त्या गोळीने ठोके दाबलेले असतात, घड्याळातला आकडा फसवतो. बोलून बघायचं. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येत असेल तर फार हळू चाललंय, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर फार जोरात. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 ची मोजपट्टी आम्ही वापरतो, 11 ते 13 मध्ये रहायचं, म्हणजे हलकं ते थोडंसं कष्टाचं. पहिली आठदहा मिनिटं अगदी सावकाश, हे टाळू नका, ह्या पेशंटच्या रक्तवाहिन्या उघडायला आणि स्नायूचं इंजिन गरम व्हायला जास्त वेळ लागतो, जिन्यावर पाय लगेच भरून येण्याचं हेही एक कारण आहे. शेवटीही एकदम थांबून खुर्चीत बसायचं नाही, पाच मिनिटं वेग उतरवत आणायचा, नाहीतर रक्त पायात साठतं आणि बीपीच्या गोळ्यांमुळे आधीच खाली असलेलं बीपी अजून पडून चक्कर येते. आधी मिनिटं वाढवा, मग दिवस, वेग सगळ्यात शेवटी. हळूहळू 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस इथपर्यंत आलं की छान. काही आठवडे सवय झाली की त्याच्या जोडीला खुर्चीतून उठबस, आठदहा वेळा, श्वास न कोंडता, कारण जिना चढायला दमासोबत जोरही लागतो.

तिसरा मजला हा तुमचा खरा प्रश्न आहे. खाली उतरून चालायचं म्हणजे परत वर चढायला ताकद ठेवायला हवी, आणि चढणं हे बाबांसाठी दिवसातलं सगळ्यात जड काम. म्हणून पहिले तीनचार आठवडे चाळीच्या गॅलरीतच चाला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पावलं मोजून लांबी काढून ठेवा. पावसाळ्यातही हाच उपाय. नंतर उतरलात की सात पायऱ्या, थांबा, दोन श्वास, पुन्हा सात, धाप लागायच्या आधी थांबायचं, लागल्यावर नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. थंडीत जेव्हा हवा धुरकट असते आणि समोरची बिल्डिंग पुसट दिसते त्या दिवशी घरातच. आणि एक चूक फार दिसते, घाम आला म्हणून इलेक्ट्रॉलचं पाणी पाजतात, त्यात मीठ असतं, लघवीच्या गोळीवर असलेल्या पेशंटला ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

चालूनही पाय भरून येणं आठदहा आठवड्यांत काहीच कमी झालं नाही तर एक तपासणी डॉक्टरांकडे नक्की काढा, लोहाची. नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) हेही. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोह कमी असू शकतं, आणि मायटोकॉन्ड्रियाला काम करायला लोह लागतंच, हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन 100 च्या खाली असेल तरी कमी धरतात. अशा पेशंटना गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, शिरेतून दिलेल्या लोहाने चालण्याची ताकद वाढते. जेवणात डाळ-उसळ, अंडं, मासे चालत असतील तर मासे, पण सुके बोंबील, खारा, पापड, लोणचं नाही, आणि किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर प्रथिनं किती हे डॉक्टरांनाच विचारा.

चालायचं नाही असे दिवसही असतात. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन करा, तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं, सूज परत आली, रात्री उशी वाढवावी लागली, तर चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन, तो आळस नाही, ते पाणी साठतंय. ताप असेल तर नाही. छातीत दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली, धडधड वेगळीच वाटली तर तिथेच थांबायचं. शॉक देणारं मशीन बसवलेलं असेल तर ते किती ठोक्यांना शॉक देतं हे विचारून घ्या आणि त्याच्या 10 ते 20 ठोके खालीच रहा. वॉल्वचा मोठा आजार असेल तर आधी परवानगी, मग चालणं.

बाबा दोन महिने चाललेत म्हणजे सुरुवात झालीच आहे, ते सोडू नका, कारण हे बदल टिकाऊ नसतात, काही आठवडे बंद केलं की मायटोकॉन्ड्रिया परत कमी व्हायला लागतात. आज फक्त एवढं लिहून ठेवा की ते कितव्या पायरीवर थांबले आणि खुर्चीतून हात न लावता 30 सेकंदांत किती वेळा उठले. महिन्याने परत मोजा. आणि आईंना त्यांच्यासोबत गॅलरीत फेऱ्या मारायला सांगा, बोलत बोलत. बाबा वाक्य पूर्ण करतायत का हे त्यांच्या कानालाच सगळ्यात आधी कळेल.